पाचशे वर्गणीदार पुरेत

यान गुडमंड-हॉयर या डॅनिश वास्तुरचनाकाराने १९६४ मध्ये काही मित्रांना सोबत घेऊन कोपनहेगनजवळ हारेस्कोव्ह इथे जमीन घेतली. बेत साधा होता. प्रत्येक कुटुंबाचं घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, कुलूपकिल्ली वेगळी. पण मध्यावर सगळ्यांच्या मालकीचं एक मोठं घर. तिथे आठवड्यातल्या काही संध्याकाळी एकत्र जेवायचं, मुलांनी खेळायचं, कुणी रंधा घेऊन सुतारकाम करायचं. शेजारपाजारच्या लोकांनी मोडता घातला. एवढी पोरं एका जागी आली तर गोंगाट होईल, अशी त्यांची तक्रार. शेवटी ती जमीन सोडावी लागली.

यानंतर त्याने लेख लिहिला. १९६८ मध्ये 'इन्फर्मेशन' या दैनिकात तो छापून आला आणि शंभरावर कुटुंबांनी उलट कळवलं की असं राहायला आम्हाला आवडेल. त्याच्या आदल्याच वर्षी बोडिल ग्रा या लेखिकेचा 'मुलांना शंभर पालक हवेत' या मथळ्याचा लेख 'पोलिटिकेन'मध्ये आला होता आणि त्यालाही असाच प्रतिसाद मिळाला होता. (गिरगावातल्या एखाद्या चाळीत हा लेख कुणी वाचला असता, तर यात नवीन ते काय, असं म्हणून पान उलटलं असतं.) या दोन लेखांमुळे जमलेल्या माणसांतून १९७२ मध्ये सेट्टेडामेन आणि १९७३ मध्ये स्क्रोप्लानेट या पहिल्या दोन वसाहती उभ्या राहिल्या. पुढे कॅथरिन मॅकॅमंट आणि चार्ल्स ड्यूरेट या अमेरिकन वास्तुरचनाकार जोडप्याने डेन्मार्कमधल्या अशा वसाहती जवळून पाहिल्या, १९८८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि तीनच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी 'म्यूर कॉमन्स' ही अमेरिकेतली पहिली वसाहत राहती झाली. या राहणीला आता जगभर कोहाउसिंग म्हणतात. मराठीत आपण सहनिवास म्हणू.

दोन लेख आणि एक पुस्तक. सहनिवासाची चळवळ अक्षरशः छापखान्यातून बाहेर पडली आहे. पण एवढ्यावर छापील मासिकांची तरफदारी करणं मला लबाडीचं वाटतं. १९६८ मध्ये समविचारी माणसं शोधायला वर्तमानपत्राशिवाय दुसरा मार्गच नव्हता. आज तो शोध फोनवर पाच मिनिटांत लागतो. माणसं शोधण्यापुरतं छापील अंकाचं काम संपलं आहे, हे आधी कबूल करून टाकू. नव्या कागदाचा वास, शाईचा स्पर्श, वाफाळता चहा आणि हातात अंक, हेही बाजूला ठेवू. एवढ्यासाठी कुणी वर्गणी भरत नाही, आणि भरली तरी दुसऱ्या वर्षी भरत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. अशा समूहांची खरी अडचण एकत्र येण्याची नसते, एकत्र टिकण्याची असते. टिकण्यासाठी लागणारं शहाणपण ज्या जागी साठू शकतं अशा जागा फार थोड्या आहेत. नियमाने निघणारा, संपादक असलेला, कागदावरचा अंक ही त्यांतली एक, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची.

सहनिवासात माणसं कशावरून भांडतात ते पाहा. सामायिक स्वयंपाकघरात भांडी कुणी घासायची. ज्याची स्वयंपाकाची पाळी होती तो तिसऱ्यांदा आजारी पडला, आता काय करायचं. एकाचा कुत्रा, दुसऱ्याच्या मुलीची भीती. घर विकून जाणाऱ्याने नवा शेजारी निवडताना बाकीच्यांना विचारायचं की नाही. बहुतेक निर्णय सर्वानुमते घ्यायचे, आणि एकच माणूस प्रत्येक वेळी अडून बसतो. वास्तुरचनाकाराच्या नकाशात यातलं काही नसतं, जाहिरातीच्या रंगीत घडीपत्रकात तर नसतंच. हे ज्ञान ज्यांनी भोगलंय त्यांच्याकडेच असतं आणि ते बहुधा सांगत नाहीत, कारण ज्याच्याविषयी सांगायचं तो समोरच्याच घरात राहतो.

ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहिणं तर अशक्यच. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेचा गट आठवा. रात्री अकराला कुणीतरी पार्किंगच्या जागेचा फोटो टाकतो. सकाळपर्यंत चाळीस उत्तरं, त्यांतली अर्धी अंगठ्याची. नऊ वाजता सुविचार येतो, दहाला वाढदिवसाचा केक, आणि दुपारपर्यंत तो फोटो इतका वर गेलेला असतो की पुन्हा कुणी शोधत नाही. भांडण सुटलेलं नसतं, नुसतं सरकलेलं असतं. सहा महिन्यांनी तेच भांडण नव्या माणसांत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. गटाला वेग आहे, स्मरण नाही. पाण्याचा टँकर येतोय हे कळवायला तो उत्तम. पण आपण सात वर्षांपूर्वी पाळ्यांची पद्धत का मोडीत काढली, हे त्याला विचारायला जाऊ नये.

त्रैमासिकाचं तसं नाही. पुढचा अंक तीन महिन्यांनी निघणार असतो. रागाच्या भरात लिहिलेला लेख तीन महिने तसाच राहत नाही; लिहिणाराच तो परत मागवतो किंवा त्यातली नावं काढून त्यातला प्रश्न तेवढा ठेवतो. संपादक विचारतो, 'पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत.' मग लिहिणाऱ्याला आठवावं लागतं की पुढे काय झालं, आणि बऱ्याचदा पुढे जे झालं त्यात थोडी चूक आपलीही होती असं ध्यानात येतं. गोष्टीला शेवट मागणारा कुणीतरी समोर असला की माणूस विचार करतो. अंकाचा हा उपयोग मला माहितीपेक्षा मोठा वाटतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या 'कम्युनिटीज' या नियतकालिकाचं. व्हर्जिनियात १९६७ मध्ये ट्विन ओक्स नावाची वसाहत निघाली. सहनिवासापेक्षा ही पुष्कळ कडक: मिळकत एकत्र, कामाचे तास मोजून वाटलेले, पोटासाठी दोरीचे झोपाळे विणायचे. सुरुवातीपासून ही मंडळी 'लीव्ह्ज ऑफ ट्विन ओक्स' नावाचं वार्तापत्र काढत. कामाची वाटणी कशी बिनसली, कोण का निघून गेलं, पैसे कसे पुरले नाहीत, हे त्यात बऱ्यापैकी मोकळेपणाने यायचं. संस्थापकांपैकी एक, कॅट किंकेड, यांचं पहिल्या पाच वर्षांवरचं पुस्तक याच मजकुराच्या आधाराने उभं राहिलं. मग १९७२ मध्ये 'कम्युनिटीज' सुरू झालं. ते एका वसाहतीचं नव्हतं, अशा अनेक वसाहतींचं मिळून होतं. त्याचे प्रकाशक बदलले, पैशाची ओढाताण झाली, २०१९ च्या सुमारास ते एका संस्थेने दुसऱ्या संस्थेच्या हवाली केलं. पण पन्नास वर्षं उलटून गेली तरी अंक निघतो आहे.

या नियतकालिकाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे एका अंकाला एक विषय. भांडण, पैसा, म्हातारपण, मुलं, सत्ता, मृत्यू. एकाच प्रश्नावर दहा ठिकाणची दहा माणसं लिहितात आणि ती एकमेकांना ओळखत नसतात. शेजाऱ्याने सांगितलं तर टोमणा वाटेल, ते हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाने लिहिलं की सल्ला वाटतो. आणि मागच्या पानांवर 'रीच' नावाच्या छोट्या जाहिराती. यांतल्या वसाहती माणसं शोधत असतात, माणसं वसाहती. इथे मात्र १९६८ चं काम अजून चालू दिसतं, म्हणजे ते संपलं म्हणताना मी थोडी घाई केली असेन.

डायना लीफ ख्रिश्चन या १९९३ पासून बरीच वर्षं या नियतकालिकाच्या संपादक होत्या. त्यांच्या टेबलावर सतत दोन प्रकारची पत्रं येत: आम्ही वसाहत काढतोय, आणि आमची वसाहत मोडली. ही पत्रं वाचता वाचता त्यांना दिसायला लागलं की मोडणाऱ्या वसाहती ठरावीक चार-पाच कारणांनीच मोडतात. ध्येय स्पष्ट लिहून न ठेवणं, निर्णयाची रीत न ठरवणं, करार तोंडी ठेवणं, सदस्य घाईने घेणं. २००३ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं. नव्या वसाहतींपैकी दहातल्या नऊ उभ्याच राहत नाहीत, हा त्यांचा अंदाज पुढे सगळीकडे फिरला. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण हा अंदाज करण्याच्या जागी कोण होतं ते पाहण्यासारखं आहे: विद्यापीठातला अभ्यासक नव्हे, सरकारी खातं नव्हे, तर एका छोट्या त्रैमासिकाची संपादक. जिथे यशाची आणि अपयशाची दोन्ही पत्रं एकाच पत्त्यावर येतात अशी ती एकच जागा होती.

आता संपादक. समतेची आवड असलेल्या समूहाला संपादक ही चीजच मुळात पचत नाही. सगळे निर्णय सर्वानुमते, मग माझा लेख नाकारणारा हा कोण? प्रश्न वाजवी आहे. पण सर्वानुमते निघालेला अंक मी पाहिला आहे, आणि तो वाचवत नाही. कुणालाही न दुखावणाऱ्या मजकुरात वाढदिवस, सहलीचे फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत एवढंच उरतं. जिथे बाकी सगळं सर्वांच्या संमतीने चालतं, तिथे एखादी जागा तरी एका माणसाच्या जबाबदारीवर सोपवलेली असावी. त्याला बदलता यावं, पण तो आहे तोवर त्याच्या हातावर हात ठेवू नये. यातली सत्ता कमी करायची सोपी युक्ती 'कम्युनिटीज'ने दाखवून ठेवलीच आहे: अंक एका वसाहतीचा नको. चार ठिकाणांचा मिळून असला की कुठल्याच ठिकाणच्या समितीला संपादकाचा कान धरता येत नाही.

एकाच माणसाच्या हट्टावर अंक काढण्याची टोकाची परंपरा तर आपल्याकडची आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये ते वारले तोवर चालवलं. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. त्या काळात असं मासिक उघडपणे वाचणारी माणसं किती असणार? अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. पदरमोड करून चाललेल्या या मासिकाचा गाभा होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. घरात, दवाखान्यात, मित्रांत जे विचारता येत नाही ते लोक एका मासिकाला पत्राने विचारत होते, आणि एकाला दिलेलं उत्तर आपलाही प्रश्न आहे असं न सांगणारे कितीतरी जण मुकाट्याने वाचत होते. विखुरलेल्या माणसांचा समूह म्हणतात तो हाच. त्यांची सभा कधीच भरली नसती.

उलट दिशेचं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून: नांगर, चरक, वाडीतली माणसं, गिऱ्हाईक शेतकरी. थोड्याच वर्षांत ती 'किर्लोस्कर' मासिक झाली, पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी त्यांवर विचार करायला शिकून घेतलं. मराठीचा केवढा फायदा झाला हे मी सांगायला नको. पण वाडीच्या रोजच्या जगण्याला लागणारं पत्र त्यात विरघळून गेलं असणार, असं मला नेहमी वाटतं. खपाची भूक लागली की समूहाचं मासिक सर्वांचं होतं, आणि सर्वांचं झालं की समूहाचं उरत नाही. म्हणून पाचशे वर्गणीदार पुरेत. पाच हजार झाले तर आनंद, पण त्यांच्यासाठी विषय पातळ करू नयेत.

कुणी म्हणेल, तुम्ही सांगताय ते सगळे गुण अंकाचे आहेत, कागदाचे नव्हेत. संपादक, मुदत, विषय, निवड, हे पीडीएफमध्येही होईल. बरोबर आहे. मी त्यातलं बरंचसं मान्य करतो. 'कम्युनिटीज'चे जुने अंक आज लोक पडद्यावरच वाचतात आणि ते तसे मिळतात हे चांगलंच आहे. तरी दोन गोष्टी कागदाच्याच वाट्याला राहतात.

एक, कागदाला पैसे पडतात. सोळा पानांचा एक फॉर्म वाढवायचा म्हणजे कुठून तरी पैसे आणावे लागतात, म्हणून लेख कापला जातो. पीडीएफला पानं फुकट, म्हणून त्यात कुणाचंच काही कापलं जात नाही, आणि वाचणारा स्वतःच अख्खा अंक कापून टाकतो. दुसरी गोष्ट सामायिक घरातल्या टेबलाची. तिथे पडलेला अंक अशा माणसाच्या हाती लागतो ज्याने तो शोधलेला नसतो. कुणाची तरी पाहुणी म्हणून आलेली आत्या, जेवणाच्या पाळीवर बटाटे सोलायला लवकर आलेला मुलगा, वसाहतीत राहायला यावं की नाही अशा विचारात असलेलं जोडपं. अंक चाळताना त्यांना 'आमचं का जमलं नाही' हा लेख दिसतो. दुवा पाठवावा तर तो ज्याला पाठवला त्यालाच मिळतो. पाठवायचा कुणाला हे आधी माहीत असावं लागतं.

कागद तर काही समूहांची निव्वळ गरज आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरातांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. बोलणारे फोन आल्यावर याची काय गरज, असं डोळस माणूस चटकन म्हणून जातो. फोन मजकूर ऐकवतो. पण शब्दातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, परिच्छेद कुठे तुटला, हे बोटाखाली आल्याशिवाय कळत नाही. आणि ऐकणं दुसऱ्याच्या गतीने चालतं, वाचणं आपल्या.

वर्गणीविषयी दोन शब्द, कारण छोटी मासिकं विचारांवाचून मरत नाहीत, हिशेबाने मरतात. एका छोट्या त्रैमासिकाचे अंक टपालात टाकायच्या दिवशी मी मदतीला बसतो. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, खळीचं भांडं, पत्त्यांच्या पट्ट्या, जिल्ह्याप्रमाणे लावलेले गठ्ठे. वर्गणी संपलेल्यांच्या पट्टीवर लाल खूण. मागच्या अंकाच्या परत आलेल्या प्रती वेगळ्या कोपऱ्यात, पोस्टमनच्या शेऱ्यासकट: पत्ता अपुरा, घर बंद, घेणार मयत. त्यांत आजीव वर्गणीदार पुष्कळ. ही आजीव वर्गणी म्हणजे मराठी मासिकांनी स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा आहे. तीस वर्षांपूर्वी पाचशे रुपये घेतले, ते त्याच वर्षी छपाईत गेले, आणि अंक मात्र अजून पाठवायचा आहे. समजा चौसष्ट पानी त्रैमासिक पाचशे प्रतींचं काढलं आणि कागद, छपाई, टपाल धरून प्रतीला शंभर रुपये पडले, तर वर्षाचे दोन लाख. पाचशे जणांनी दरसाल सहाशे दिले की भागून एक लाख उरतो. त्यात संपादकाला काहीतरी मानधन द्यावं. फुकट राबणारा संपादक तिसऱ्या वर्षी थकतो आणि त्याच्याबरोबर अंकही. दरसाल वर्गणी मागण्याचा एक फायदा असाही आहे की अंक कुणाला नको झाला ते वेळेत कळतं.

एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. अमेरिकेतल्या सहनिवासांवर टीका होते की तिथे बहुतांशी सुशिक्षित, गोऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या माणसांचाच भरणा आहे. अशा समूहाचं मासिकही त्याच माणसांनी लिहिलेलं असणार. ज्याला लिहिता येतं तो तक्रारही देखणी करतो. सामायिक घराची फरशी पुसायला येणाऱ्या बाईची तक्रार अंकात येत नाही. संपादकाने उठून तिच्याकडे जावं, तिचं बोलणं उतरवून घ्यावं, हा उपाय आहे, पण तो उपकारासारखा होतो. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला स्थापलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनी सामूहिक साधनेने राहतात, निर्णय सर्वानुमतीने घेतात, आणि 'मैत्री' हे हिंदी मासिक काढतात. ऑरोव्हिलमधून १९८८ पासून 'ऑरोव्हिल टुडे' निघतं. म्हणजे एकत्र राहणाऱ्यांना अंक लागतो हा काही डॅनिश किंवा अमेरिकन शोध नव्हे. पण हे दोन्ही समूह एका मोठ्या विचाराच्या छायेत वाढलेले. ज्यांना गुरू नाही, तत्त्वज्ञान नाही, नुसतं साठीनंतर चार मित्रांच्या शेजारी राहायचंय अशा मराठी माणसांचं काय? मुलं परदेशी आणि तीन खोल्यांचं घर अंगावर येऊ लागलेल्या कुठल्याही मित्रमंडळात हा विषय निघतो. जमिनीचे भाव निघतात, तळेगाव की वाई असा वाद होतो, आणि शेवटी एखाद्या बिल्डरचं घडीपत्रक हातोहात फिरतं. त्यांतली किती मंडळं जमीन बघण्यापर्यंत पोचली, किती नोंदणीपाशी अडली, कुणाचे पैसे कुठे अडकले, हे लिहिलेलं मिळत नाही. प्रत्येक मंडळ पहिल्या यत्तेपासून सुरुवात करतं.

त्यांच्यासाठी एक त्रैमासिक निघावं. त्यात नमुन्याचे करार असावेत, जागेवर काम केलेल्या वकिलाने समजावून सांगितलेले. एका वसाहतीच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब, आकड्यांसकट. आजारी माणसाची रात्रीची पाळी कशी लावली त्याची हकिगत. मागच्या पानांवर 'जागा आहे', 'माणसं हवीत'. आणि पहिल्या अंकापासून एक सदर सोडून गेलेल्यांचं, ज्यात निघून गेलेल्या माणसाने का निघालो ते लिहावं आणि वसाहतीने त्याला उत्तर द्यायचं झालं तर ते पुढच्या अंकात द्यावं, त्याच अंकात नाही.